सुईखालचा कापूस

विनाइल रेकॉर्डवरची खाच तोंडाशी साधारण ५० मायक्रॉन रुंद असते. कापसाचा एक तंतू १२ ते २० मायक्रॉन जाड असतो. तंतू खाचेत सहज मावतो, आणि भिवंडीत रेकॉर्ड सांभाळायची तर या दोन आकड्यांपासून सुरुवात करावी लागते. धामणकर नाक्याजवळच्या पद्मानगरात आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत यंत्रमाग चालतात. मागावरून सुताचा भुरा उडतो, ताण्याला सायझिंगमध्ये लावलेल्या खळीची पूड झडते आणि दोन्ही मिळून पंख्याच्या पात्यांवर, खिडकीच्या जाळीवर, कपाटाच्या माथ्यावर राखाडी थर धरतात. त्यात गोदामांकडे जाणारे ट्रक आहेतच. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या खांबांचे काम नाक्यावर आले, तशी सिमेंट आणि वाळूचीही भर पडली.

दोष मात्र कापसाचा नाही. कापूस मऊ, त्याने विनाइलवर रेघ उमटत नाही. तो वाळूचा कण धरून ठेवतो. वाळूतले गारेचे कण विनाइलपेक्षा कितीतरी कठीण असतात. तंतूच्या गुंत्यात असा कण अडकला, वरून सुई आली, की कण खाचेच्या भिंतीवर घासला जातो. त्यातून विनाइलचा स्वभावच असा की घर्षणाने त्यावर स्थिर वीज साठते आणि हवेतला भुरा त्याकडे ओढला जातो. थंडीतल्या कोरड्या हवेत हा त्रास अधिक. कव्हरातून रेकॉर्ड ओढून काढली की हातावरची लव उभी राहते आणि समोर तरंगणारे तंतू अलगद काळ्या पृष्ठभागावर येऊन बसतात. फडक्याने पुसावे, तर पुसण्याने वीज आणखी वाढते.

विनाइलच्या आधीची तबकडी वेगळ्या स्वभावाची होती. नोव्हेंबर १९०२ मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षे भारतातल्या रेकॉर्डी लाखेच्या होत्या. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळलेली असे. ही पूड मुद्दाम घातलेली होती: पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच तिच्यावर घासून खाचेच्या आकाराची होई. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची, असा नियम. सुया डबीतून मिळत आणि काटकसरी घरात तीच सुई चार-चार गाण्यांना चाले. काटकसरीची किंमत सुई देत नसे, खाच देई. दुसऱ्या महायुद्धात लाख दुर्मीळ झाली. १९४२ मध्ये अमेरिकेने रेकॉर्डींसाठी लाख वापरण्यावर कडक मर्यादा घातली. तिथल्या सैनिकांसाठी निघालेल्या ‘व्ही-डिस्क’ १९४३ पासून विनाइलच्या झाल्या, कारण लाखेच्या तबकड्या वाटेतच फुटत. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी काढली. लाखेची तबकडी हातातून पडली की संपली. विनाइलची पडूनही टिकते, पण तिच्यावर रेघ लगेच उठते. फुटण्याच्या भीतीतून सुटका झाली आणि ओरखड्याची मागे लागली.

ओरखड्याचे गणित सोपे आहे. एलपीची एक फेरी १.८ सेकंदांची. तबकडीवर आडवी रेघ पडली, की प्रत्येक फेरीला सुई तिच्यावरून जाते आणि १.८ सेकंदांनी ‘टक्’ वाजते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत हे अंतर पाऊण सेकंदाचे. ताल कोणताही असो, हा ठेका आपला स्वतंत्र चालतो आणि ऐकणाऱ्याच्या कानात गाण्याबरोबर मुरतो. एका घरातल्या एकाच प्रतीवर वाढलेल्या माणसांचे तर असे होते, की रेडिओवर तेच गाणे स्वच्छ लागले तरी त्या विशिष्ट जागी ते नकळत थबकतात. तिथे ‘टक्’ आले नाही, की काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. रेकॉर्ड सांभाळण्याच्या कोणत्याही पुस्तकात याला दोषच म्हणतील. तो दोष आहेही, तरी त्याबद्दल थोडा मऊपणा दाखवायला हरकत नाही.

झिजेची गोष्ट याहून अन्यायाची. जी रेकॉर्ड आवडली तीच झिजली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ‘पिया बिन’ या ठुमरीची रेकॉर्ड ऐकून लहानगे भीमसेन जोशी गाण्यासाठी घर सोडून निघाले, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. अशा रेकॉर्डींच्या जुन्या बाजारातल्या प्रती हातात घेतल्या, तर काळी चकाकी जाऊन खाचा करड्या पडलेल्या दिसतात. कुणीच न ऐकलेल्या गाण्यांच्या तबकड्या मात्र आरशासारख्या. बालगंधर्वांच्या तबकड्याही अशाच करड्या. करडेपणा धुऊन जात नाही, कारण तो मळ नसतो. खाचेची भिंतच खरवडलेली असते.

विनाइलची झीज सुई, वजन आणि कोन यांवर ठरते. चावीच्या ग्रामोफोनचे डोके शंभर ग्रॅमांहून जास्त भार टाकी, आजच्या चांगल्या कार्ट्रिजला दीड ते दोन ग्रॅम पुरतात. एलपी कधीही चावीच्या ग्रामोफोनवर लावू नये. एकदाच लावली तरी ती गेली. साठ-सत्तरच्या दशकांतल्या प्लेअरना उलटवता येणारी सुई असे, एका बाजूला ७८ ची जाड, दुसऱ्या बाजूला एलपीची बारीक. ती उलटवायला विसरल्यामुळे बिघडलेल्या एलपी आजही भंगारात सापडतात. त्याहून राग यावा असा प्रकार म्हणजे चेंजर. एकावर एक पाच-सहा रेकॉर्डी रचायच्या आणि एक संपली की दुसरी धपकन खाली पडायची. पाहुण्यांसमोर ऐट मोठी, पण दर वेळी दोन धुळकट पृष्ठभाग एकमेकांवर आपटून घसरत. हिऱ्याची सुई ५०० ते १००० तास चालते. नीलमण्याची त्या मानाने फारच थोडी. झिजलेल्या सुईला धार येते आणि मग ती वाजवत नाही, कातरते. त्यामुळे जुना प्लेअर विकत घेतला, तर रेकॉर्ड लावण्याआधी सुई बदलावी. एवढा खर्च जमत नसेल तर प्लेअर घेऊ नये.

आता धुण्याबद्दल. भिवंडीत सुती कापडाला तोटा नाही, म्हणून पहिला हात फडक्याकडे जातो. कोरडे फडके हेच घरगुती ओरखड्यांचे मोठे कारण आहे: वाळूचे कण त्याखाली सापडतात आणि गोल पुसताना रेकॉर्डभर फिरतात. शर्टाच्या बाहीने किंवा पदराने पुसणाऱ्यांना माफी नाही. वाजवण्याआधी कार्बन तंतूंचा ब्रश फिरत्या रेकॉर्डवर दोन फेऱ्या हलकेच टेकवावा आणि भुरा काठाकडे ओढून उचलावा. जुनी, मळलेली रेकॉर्ड धुवावी लागते. मधल्या लेबलवर पाणी जाऊ देऊ नये. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे चार थेंब टाकून मऊ ब्रश खाचांच्या दिशेने फिरवावा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुऊन रेकॉर्ड उभी निथळू द्यावी. नळाचे पाणी शेवटी वापरले, तर त्यातले क्षार खाचेत वाळून बसतात आणि केलेली मेहनत खरखरीच्या रूपाने ऐकू येते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, लाख त्यात विरघळते. पांढरा डिंक ओतून वाळल्यावर साल काढावी तसा मळ काढणारेही आहेत. विनाइलवर ते साधते, पण साल मध्येच फाटली तर उरलेला तुकडा खाचेतून काढताना दिवस जातो.

हाताळण्यात बोटे फक्त काठावर आणि लेबलवर. खोबरेल लावलेल्या केसांतून फिरलेले बोट खाचेवर टेकले, की तेलाच्या ठशावर भुरा चिकटून बसतो. पावसाळ्यात शत्रू बदलतो. ठाण्याच्या पट्ट्यात हवा इतकी दमट होते की कागदी कव्हराला बुरशी येते, आणि खळीची पूड म्हणजे स्टार्च, बुरशीचे आयते खाद्य. कागदी आतल्या पिशव्या काढून मऊ पॉलिथिनच्या घालाव्यात. पीव्हीसीची जाड पारदर्शक कव्हरे टाळावीत; वर्षानुवर्षे चिकटून राहिली तर त्यांतले रसायन रेकॉर्डवर धूसर डाग सोडते. रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, कलंडलेल्या नकोत, आडव्या थप्पीत तर नकोतच. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मेमध्ये विनाइल वाकते आणि वाकलेली रेकॉर्ड सरळ करण्याचे उपाय बहुधा तिला आणखी बिघडवतात.

यंत्रमागाच्या कारखान्यावर राहणाऱ्यांना आणखी एक अडचण असते. खाली माग ठोकू लागले की जमीन थरथरते आणि सुई उडी मारते. उडी मारताना ती खाच तोडून जाते. शहाबादी फरशीचा तुकडा रबरी ठोकळ्यांवर ठेवून त्यावर प्लेअर मांडला, तर थरथर बरीच शोषली जाते. तरीही माग चालू असताना न वाजवणे बरे.

भंगारात रेकॉर्ड दिसली, तर उजेडात तिरकी धरून रेघेवरून नख हलकेच आडवे फिरवावे. नखाला रेघ लागली तर ती वाजताना ऐकू येणार, आणि ती बुजवणारे कोणतेही मलम नाही. न लागणारी रेघ बहुधा धुण्याने किंवा सुई बदलल्याने निभावते. तबकड्या कापून भिंतीवरची घड्याळे बनवणाऱ्यांना मात्र यातले काहीही सांगून उपयोग नाही.

मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेमुळे जुन्या ध्वनिमुद्रणांची बरीच माहिती आज हाताशी आहे. घरात कुणाच्या मराठी गाण्यांच्या ७८ च्या तबकड्या किंवा गीतरामायणाच्या एलपी पडून असतील, तर त्यांनी त्या आधी धुवाव्यात, योग्य सुईवर एकदा वाजवून संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि मगच रोजच्या ऐकण्याला काढाव्यात.