फोंतेन्हासच्या चौकटी

पणजी शहरात, आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी खाडीलगत फोंतेन्हास नावाची एक जुनी वस्ती आहे. १८४३ साली पणजीला पोर्तुगीज गोव्याच्या राजधानीचा दर्जा मिळाला. त्या राजवटीच्या खुणा येथील अरुंद गल्ल्यांतून आजही आढळतात. प्रवासी येतात ते पिवळ्या, निळ्या आणि तांबड्या भिंती पाहावयास. माझे लक्ष मात्र दारे-खिडक्यांच्या लाकडी चौकटींकडे होते.

याला कारण घरगुती होते. दिल्लीतील आमच्या भाड्याच्या घराची चौकट मी एकदा ऐन श्रावणात हौसेने रंगविली होती. दिवाळी येईपर्यंत त्या रंगाचे पापुद्रे सुटू लागले. जेथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथील लोक आपल्या चौकटी कशा राखतात, हे पाहण्याची उत्सुकता तेव्हापासून मनात होती.

पावसाळा सरल्यावर दरवर्षी घर रंगवावे, असा पोर्तुगीज काळी दंडक होता, असे सांगतात. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि तो दंडकही गेला. परंतु पाऊस काही गेला नाही. त्यामुळे ऑक्टोबरचे ऊन पडू लागले की गल्लीत शिड्या लागतात.

अशाच एका शिडीखाली मी थांबलो. घर एका वृद्ध बाईंचे होते. खिडकीची खालची पट्टी कुजली होती आणि सगळ्या खिडक्या काढून अॅल्युमिनियमच्या बसवाव्यात, असा मुलाचा आग्रह होता. रंगारी मिस्त्रींनी पेचकसाचे टोक लाकडात ठिकठिकाणी रोवून पाहिले व म्हणाले, "आजी, कूज चार बोटांपलीकडे गेलेली नाही. तेवढाच तुकडा सुताराकडून बदलून घेऊ." आजींच्या चेहऱ्यावरील चिंता ओसरली.

मी माझ्या श्रावणातील पराक्रमाची कथा सांगताच मिस्त्री हसले. "बाब, तुम्ही पाण्यावर रंग लावलात. लाकूड आतून सुकल्याखेरीज तेलरंग धरत नाही." मग त्यांनी कामाचा क्रम सांगितला. प्रथम सुटलेला रंग काढावयाचा. गाठींवर चपडा लाखेचा हात द्यावयाचा, म्हणजे त्यांतील राळ रंगातून वर येत नाही. मग अस्तर, आणि अस्तर सुकल्यावर खाचांत लांबी. कोऱ्या लाकडावर लांबी भरली तर लाकूड तिच्यातील तेल शोषून घेते व ती गळून पडते. शेवटी रंगाचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर वरून सुकतो, आत ओला राहतो. पट्टीचे खालचे टोक कोणाला दिसत नाही, पण पाणी तेथूनच शिरते. म्हणून तेथे रंग आधी लावावयाचा.

इतक्यात त्यांच्या मदतनिसाने जुना रंग कोरडाच घासावयास आरंभ केला. हिरवट-पांढरी धूळ सज्जावर पसरू लागली, आणि तेथेच आजींचा दोन वर्षांचा नातू खेळत होता. मला राहवले नाही. जुन्या तेलरंगांत सफेदा आणि शेंदूर यांच्या रूपाने शिसे असे. ते धुळीवाटे पोटात गेले की लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस बाध येतो. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये असा नियम लागू झाला. पण भिंतीवर आणि लाकडावर आधीच चढलेल्या थरांना तो नियम कसा लागू व्हावा?

"तीस वर्षे मी असाच घासत आलो," मिस्त्री किंचित नाराजीने म्हणाले. आजींनी मात्र नातवाला उचलून आत नेले आणि पाण्याची बादली आणून ठेवली. पाणी मारून, वॉटर पेपरने घासावे; खाली कापड अंथरावे; काम संपल्यावर फरशी ओल्या फडक्याने पुसावी; जुना रंग दिव्याच्या ज्योतीने जाळू नये, एवढे मी सांगितले. ओले लाकूड दोन-तीन दिवस उन्हात सुकू दिले की पुढील काम बिनदिक्कत करता येते.

मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "मग माझ्या अंगात किती गेले असेल?"

रक्ताच्या तपासणीने शिशाचे प्रमाण कळते, ती अवश्य करून घ्या, याहून अधिक मला सांगता आले नाही. त्यांनी मान डोलावली, मदतनिसाला शिडीवरून खाली बोलाविले आणि त्याच्या नाका-तोंडावर बांधण्यासाठी चांगली मुखपट्टी आणावयास स्वतः बाजारात गेले.

चार दिवसांनी निघताना मी पुन्हा त्या गल्लीत डोकावलो. खिडकीवर अस्तराचा करडा हात चढला होता. रंग अजून लागावयाचा होता. आजी म्हणाल्या, "घाई नाही. सुकू दे." माझ्या दिल्लीच्या चौकटीला जे मिळाले नव्हते, ते हेच होते.