टिटॅनियमची सायकल आणि अब्बांचं दुकान

मराठीत आपण पंक्चर ‘काढतो’. आमच्या घरच्या बोलीत, म्हणजे दखनीत आणि उर्दूतही, पंचर ‘बनाते’ हैं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत वीस वर्षं मराठी शिकवतोय. दोन भाषांमधल्या अशा जागा मुलांना दाखवणं हा माझ्या आवडीचा भाग. पण हे उदाहरण मी वर्गात कधी दिलं नव्हतं. का दिलं नव्हतं, ते सांगण्यासाठी आधी एका सायकलीबद्दल सांगावं लागेल.

गेल्या वर्षी सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे थकलेले हप्ते हातात आले. घराचं कर्ज नव्हतं, मुलीची फी भरून झाली होती. चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी साखरेवर बोट ठेवलं, तेव्हापासून मी सायकल चालवतो. साताऱ्यातल्या एका सायकल ग्रुपबरोबर रविवारी जातो. जुनी अॅल्युमिनियमची सायकल होती, ती ठीकच होती. तरी मनात एक हट्ट होता. तयार सायकल विकत घ्यायची नाही, सुटे भाग आणून स्वतः जोडायची, आणि फ्रेम टिटॅनियमची घ्यायची.

टिटॅनियमच का? या धातूला 1795 मध्ये क्लापरोट नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक पुराणातल्या टायटनांवरून नाव दिलं. पृथ्वीवर तो दुर्मीळ नाही. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. महाग आहे ते त्याला वाळूतून बाहेर काढणं. एका घनसेंटीमीटरचं वजन साडेचार ग्रॅम, पोलादाचं पावणेआठ. गंजत नाही, म्हणून रंग लावावा लागत नाही. पण वेल्डिंग करताना हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून घेतो आणि ठिसूळ होतो, म्हणून जोडकाम ऑरगॉन वायूच्या आवरणात करावं लागतं. सायकलींना जी नळी वापरतात त्यात तीन टक्के अॅल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम असतं. ती मुळात विमानांच्या हायड्रॉलिक नळ्यांसाठी तयार झाली. चीनमधल्या बाओजी शहरात हा धातू घडवणारे कारखाने आहेत, माझी फ्रेम तिथूनच आली.

एक लाख साठ हजार रुपये सगळे मिळून. मी अब्बांना चाळीस सांगितले.

“चालीस हजार?” अब्बा म्हणाले. “रंग नहीं, मडगार्ड नहीं, स्टँड नहीं, घंटी बी नहीं?”

अब्बांचं वय शहात्तर. 2011 पर्यंत त्यांचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे रस्त्याकडेचं पत्र्याचं खोकं. आत तारा, छर्रे, कोन, कॉटर पिनांचे डबे आणि बाहेर पंक्चर तपासायला पाण्याची घमेली. भाड्याच्या दहा-बारा सायकली होत्या, तासाला आठ आणे. दारावर पत्र्याची पाटी होती, अब्बांनी स्वतः रंगवलेली: ‘येथे सायकलचे ओव्हरऑइलिंग करून मिळेल.’ सुट्टीत मी तिथे बसायचो. चाकाचा आऊट कसा काढायचा, छर्रे ग्रीसमध्ये कसे बसवायचे, हे मला दहाव्या वर्षी येत होतं. पुढे मी ते विसरलो नाही, विसरायचं ठरवलं. बी.एड.च्या प्रवेश अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना होता. मी तिथे ‘व्यापार’ असं लिहिलं. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षांत तो शब्द बदलत गेला. आता ‘पंक्चरवाला’ म्हटलं की कामाचं नाव राहत नाही, माणसाच्या धर्माचं नाव होतं. मोबाइलवर रोज कुठला ना कुठला विनोद येतो. माझ्या ग्रुपमध्येही एकदा झालं. नवीन आलेल्या एकाने विचारलं, वाटेत पंक्चर झालं तर काय करायचं? त्यावर एक जण म्हणाला, “काळजी कशाला, सर आहेत ना बरोबर. त्यांच्याकडे ते रक्तातच असतं.” सगळे हसले. मीही हसलो. माणूस वाईट नव्हता. मागच्या वर्षी चढावर मला चक्कर आली तेव्हा माझी सायकल हातात धरून तो दोन किलोमीटर चालला होता. म्हणून तर मला उत्तर सुचलं नाही. घरी येताना वाटलं, त्याला कुठे ठाऊक आहे की अब्बांचं खरोखरच दुकान होतं? तो माझ्या नावावरून बोलला. आणि मी वीस वर्षं जे लपवलं, ते त्याने न कळता उघड केलं.

फ्रेम आली त्या रविवारी मी हॉलमध्ये चटई अंथरली. अब्बा खुर्चीवर बसले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी त्यांच्या एका डोळ्याला नीट दिसत नाही. त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली, बोटांनी जोडांवरून हात फिरवला. “वेल्डिंग अच्छी है,” एवढंच म्हणाले.

पुढचा फोर्क कार्बनचा. त्याची नळी उंचीप्रमाणे कापावी लागते. बारीक दातांचं पातं, मास्क आणि पाणी, कारण कार्बनची पूड छातीत जाऊ द्यायची नसते. मी तीन वेळा माप घेतलं. अब्बा म्हणाले, थोडी जास्त ठेव, नंतर कापता येईल. कापलेलं जोडता येत नाही. मी दोन सेंटिमीटर जास्त ठेवली. आज ती तशीच आहे आणि पाठीला बरं वाटतं.

मग आली खालची बेअरिंग, जिच्यात क्रँक फिरतो. फ्रेम मी उलटी धरली होती. उजवा कप लावला आणि पाना घड्याळाच्या दिशेने फिरवला. अर्धा आटा गेला आणि अडकला. मला वाटलं नवीन आटे आहेत, जरा घट्ट असणार. मी पान्यावर दुसरा हात ठेवला.

“जोर नको लगा रे!” अब्बा खुर्चीतून अर्धे उठले होते. “चेन की बाजू है ना वो? उल्टा आटा है.”

त्यांना दिसत नव्हतं. पान्याचा आवाज ऐकून ते बोलले होते.

मी थांबलो. हा आटा ज्या मापाचा असतो त्याचं नाव बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, बंदुका बनवता बनवता सायकली बनवू लागलेली इंग्रजी कंपनी. त्या मापात चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, कारण पायडल मारताना सुलटा आटा हळूहळू सैल होऊ शकतो. अब्बांनी काळ्या जड सायकलींमध्ये असे शेकडो कप बसवले होते. शंभर वर्षांपेक्षा जुनं ते माप बाओजीहून आलेल्या फ्रेममध्येही होतं. टिटॅनियमचा एक दोष असा की जोर लावून घासलं की ते समोरच्या धातूला चिकटून बसतं. मी आणखी अर्धा वेढा रेटला असता तर आटे फाटले असते आणि फ्रेम भंगारात गेली असती. एक लाख साठ हजारांतला सर्वांत मोठा भाग.

अब्बांनी खाली बसून कप हातात घेतला. आधी आटे पुसले. मग तांब्याची पूड असलेलं ग्रीस लावलं. ते मी सांगितलं होतं, टिटॅनियमला ते लागतंच. मग कप तोंडावर ठेवून आधी चुकीच्या दिशेने हळूच फिरवला. टक् असा बारीक आवाज आला. “सुना? अब बैठा.” त्यानंतर योग्य दिशेने, नुसत्या बोटांनी, शेवटपर्यंत. पाना शेवटच्या पाव वेढ्याला लागला.

सगळंच त्यांचं बरोबर ठरलं असं नाही. हँडलचे स्क्रू ते हाताच्या अंदाजाने आवळायला निघाले. मी अडवलं. कार्बनवर पाच न्यूटन-मीटरच्या आसपास थांबावं लागतं, नाहीतर आतून तडा जातो आणि बाहेरून दिसत नाही. मोजणारा पाना ‘कट्’ वाजला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला. “ये होता तो मेरे आधे स्क्रू नहीं टूटते,” असं म्हणाले. हे ऐकून मुलगी हसली, तेही हसले. गिअरच्या वायरी मी लावल्या, चाकाचा आऊट त्यांनी काढला. चाक फिरवायचे, ब्रेकच्या रबराला कुठे घासतं ते ऐकायचे, त्या जागेची तार पाव वेढा. संध्याकाळी मगरिबच्या वेळी सायकल उभी राहिली. वजन साडेआठ किलो. अब्बांनी एका हाताने उचलली आणि खाली ठेवली. त्यांच्या भाड्याच्या सायकली वीस किलोच्या होत्या.

त्या रात्री मी त्यांना खरी किंमत सांगितली. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, इतक्यात खोकं नाही, पक्कं दुकान झालं असतं. रागावून नाही, हिशेब केल्यासारखं. मी विचारलं, हा इसराफ झाला का, उधळपट्टी? म्हणाले, वापरलीस तर नाही, भिंतीला लावलीस तर हो.

म्हणून वापरतो. फजरनंतर निघालं की समर्थ मंदिराच्या चौकातून यवतेश्वरचा घाट सुरू होतो. खाली सातारा, समोर अजिंक्यतारा. वर पोचलं की रस्ता डोंगराच्या धारेवरून कासकडे जातो, एका अंगाला कण्हेरचं पाणी, दुसऱ्या अंगाला उरमोडीचं. टिटॅनियमची सायकल रस्त्याचे धक्के गिळते, असं लोक सांगतात. प्रामाणिकपणे सांगतो, त्यातला मोठा वाटा अठ्ठावीस मिलिमीटरच्या टायरचा आणि बेताने भरलेल्या हवेचा आहे. फ्रेमचं वेगळेपण मला दुसरीकडे जाणवतं. घाम, पाऊस, चिखल, कशाचीही काळजी नाही. ओल्या फडक्याने पुसली की पहिल्यासारखी. ती माझ्या नंतरही चालेल, हे चढावर दम लागलेला असताना आठवतं.

डिसेंबरमधल्या एका रविवारी कासच्या अलीकडे त्याच विनोद करणाऱ्या मित्राचं मागचं चाक बसलं. जादा ट्यूब त्याने घाटातच वापरली होती. माझी त्याच्या चाकाला बसणारी नव्हती. सगळे थांबले आणि कुणी काही बोललं नाही. त्यांना तो विनोद आठवत होता हे मला कळलं.

मी खिशातून पॅच आणि सोल्युशन काढलं. ट्यूबमध्ये हवा भरून गालाजवळून फिरवली. घमेलं नसलं तर अब्बा असंच करायचे, बारीक हवा गालाला आधी कळते. भोक सापडलं. काचकागद घासला, सोल्युशन लावलं, ते सुकेपर्यंत थांबलो. त्या वेळात टायरच्या आतून बोट फिरवलं. बाभळीचा काटा निघाला. तो काढला नसता तर दहा मिनिटांत पुन्हा तेच. मराठीत ‘काढणे’ का म्हणतात ते तिथे उमगलं. ट्यूब नीट बनवावी लागते आणि काटा काढावा लागतो. दोन्ही भाषा अर्धं अर्धं काम सांगतात.

टायर चढवताना मी म्हणालो, “तुम्ही तेव्हा बोललात ना, रक्तात आहे म्हणून. माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढूनच त्यांनी मला बी.एड. केलं. पण तुम्हाला ते माहीत नव्हतं. तुम्ही माझ्या नावावरून बोललात.”

तो काही बोलला नाही. पंप हातात घेऊन हवा भरू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, “हो. नावावरूनच बोललो.” त्याने माफी मागितली नाही आणि मीही वाट पाहिली नाही. परतताना तो माझ्या मागेच होता. उतारावर त्याचं चाक धरून होतं.

सोमवारी मी नववीच्या वर्गात ‘काढणे’ आणि ‘बनाना’ हे उदाहरण दिलं. अब्बांच्या दुकानाचंही सांगितलं. मग हेही सांगितलं की राइट बंधूंचं डेटनमध्ये सायकलींचं दुकान होतं, आणि 1903 मध्ये उडालेल्या त्यांच्या विमानाचे पंखे साखळीवर फिरत होते. माझ्या सायकलीचे गिअर ज्या शिमानोचे आहेत, त्याची सुरुवात 1921 मध्ये जपानमधल्या साकाई गावात झाली आणि पहिला माल फ्री व्हील होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा तास संपल्यावर जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, “सर, माझे अब्बूपण तेच करतात.” मी विचारलं, दुकान कुठे आहे? त्याने सांगितलं. आता माझ्या सायकलीला काही लागलं तर मी तिथे जातो.

माळ्यावर अब्बांच्या दुकानाची पाटी होती, गंजलेली. पुसून सायकलीच्या वर टांगली आहे. मुलगी म्हणते, अब्बू, ‘ओव्हरऑइलिंग’ चूक आहे, ‘ओव्हरहॉलिंग’ हवं. बरोबर आहे तिचं. मी मराठीचा शिक्षक, दिवसभर मुलांचं शुद्धलेखन तपासतो. ही एक पाटी मात्र आहे तशीच राहील.