पाऊणपटीचे समीकरण

इंदुरात आमची मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत गणित हिंदीतून शिकतात. आजीची 'पाऊण' आणि पुस्तकातील 'तीन बटा चार' या एकच, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

आठवीच्या वर्गात आम्ही एकदा प्रश्न घातला: ३/४ क्ष + ५/२ = १०, तर क्ष किती? छेद घालविण्यासाठी बहुतेकांनी डावीकडील पदांना ४ ने गुणले, उजवीकडचे १० तसेच ठेवले आणि उत्तर काढले शून्य! 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हा मंत्र सर्वांना पाठ होता. परंतु तराजूच्या एका पारड्यात जे करावे तेच दुसऱ्यातही करावे, हा त्यामागील न्याय कोणाच्या मनी उतरला नव्हता. दोन्ही बाजू चौपट केल्या की ३ क्ष + १० = ४०, म्हणून क्ष = १०.

एका मुलीने तोच प्रश्न घरी आजीस विचारला. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या माउलीस पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी मुखोद्गत. त्या म्हणाल्या, "दहातून अडीच गेले, राहिले साडेसात. चाराची पाऊणपट तीन. तिनाची अडीचपट साडेसात. मग चाराची अडीचपट दहा!"

दुसऱ्या दिवशी मुलगी संकोचून म्हणाली, "सर, आजीने क्ष धरलाच नाही. तिचे उत्तर चालेल का?"

त्या प्रश्नाने आम्ही अस्वस्थ झालो. आजीला गणित येत नाही, अशी त्या पोरीची समजूत शाळेनेच करून दिली होती. आम्ही आजींची रीत फळ्यावर मांडली आणि सांगितले की, सोयीची संख्या कल्पून त्रैराशिकाने खरी संख्या काढण्याच्या या रीतीस भास्कराचार्यांनी सन ११५० मध्ये 'लीलावती'त 'इष्टकर्म' म्हटले आहे. मुलीचा चेहरा उजळला.

क्ष धरणे मुलांनी शिकलेच पाहिजे. गुंतागुंतीच्या प्रश्नांत त्याविना गती नाही. परंतु पाऊण, सव्वा, अडीच, औट हे शब्द घरात नांदते राहिले, तर अपूर्णांकाचे भय उरणार नाही आणि चुकलेले उत्तर कानालाच खटकेल.

वाचकहो, आज रात्री जेवताना एवढेच विचारा: एका संख्येची दीडपट व तिचीच पाव मिळून औट होतात, तर ती संख्या कोणती? उत्तर आजीने द्यावे. ताळा नातवंडांनी करावा.