उजवीकडचा रकाना

रक्ततपासणीच्या छापील रिपोर्टवर डावीकडे तपासणीचे नाव असते, मधे रुग्णाचा आकडा असतो आणि उजव्या कडेला, बहुधा जरा बारीक टायपात, दोन आकडे आडव्या रेघेने जोडलेले असतात. रोजच्या बोलण्यात त्यांना ‘नॉर्मल रेंज’ म्हणतात. आईवडिलांची नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. पण कोणता आकडा ठळक व्हायचा हे ठरवतो तो उजवीकडचा रकाना, आणि तो कोणाच्या रक्तावरून ठरला हे सहसा कोणी विचारत नाही. प्रौढांच्या बाबतीत हे बऱ्याच वेळा निभावून जाते. मुलांच्या बाबतीत निभावत नाही, कारण त्यांचे रक्त वयाबरोबर बदलत जाते, आणि प्रत्येक घटक आपापल्या वेळापत्रकाने बदलतो.

अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, यकृतात असते तसेच हाड घडवणाऱ्या पेशींतही असते. प्रौढांत त्याची वरची मर्यादा साधारणपणे लिटरमागे १२० ते १३० युनिट धरतात. पण उंची झपाट्याने वाढत असलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या निकोप मुलात हाच आकडा चारशेच्या पुढे गेलेला आढळतो, आणि त्याच वयाच्या मुलीत तो बराच कमी असतो, कारण तिच्या वाढीचा भर त्याआधीच येऊन ओसरू लागलेला असतो. अशा मुलाच्या रिपोर्टवर प्रौढांची मर्यादा छापली गेली की वाढणाऱ्या हाडांची खूण यकृताचा आजार म्हणून वाचली जाते, आणि मग सोनोग्राफी, आणखी तपासण्या, आणखी सुया हे सगळे विनाकारण मागे लागते.

याच्या उलट होणारी चूक अधिक घातक असते, कारण तिच्यात काहीच ठळक छापले जात नाही. क्रिएटिनिन हा स्नायूंत तयार होणारा आणि मूत्रपिंडांनी बाहेर टाकला जाणारा पदार्थ. प्रौढांत डेसिलिटरमागे ०.७ ते १.२ मिलिग्रॅम हा नेहमीचा पल्ला, तर दोन वर्षांच्या मुलात, स्नायू थोडेच असल्यामुळे, ०.३ च्या आसपासचा आकडा स्वाभाविक असतो. ८५ सेंटिमीटर उंचीच्या अशा मुलाचे क्रिएटिनिन ०.९ आले, तर प्रौढांच्या रकान्यात ते अगदी मधोमध बसते. बालरोगतज्ज्ञ वापरतात ते श्वार्ट्झ यांचे सूत्र असे आहे की उंचीला ०.४१३ ने गुणावे आणि क्रिएटिनिनने भागावे; ०.३ ला मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग ११७ येतो, ०.९ ला तो ३९ वर उतरतो. म्हणजे मुलाची मूत्रपिंडे एक तृतीयांश काम करीत असताना कागद मात्र सर्व ठीक असल्याचे सांगतो. बालकांसाठी वेगळा रकाना तयार करण्याचा आग्रह किती खरा आहे, हे एवढ्या एका भागाकारावरून कळावे.

‘नॉर्मल’ हा शब्द शास्त्राने बाजूला ठेवला त्यालाही आता अर्धे शतक उलटून गेले. १९६९ मध्ये फिनलंडच्या ग्रासबेक आणि सारिस यांनी ‘संदर्भ मूल्ये’ ही संज्ञा मांडली, कारण ‘नॉर्मल’ म्हणजे सर्वसाधारण, निरोगी की इष्ट, हा घोळ त्या शब्दात होताच. संदर्भ कक्षा एवढेच सांगते की अमुक निकषांनी निवडलेल्या, अमुक यंत्रावर तपासलेल्या लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे या दोन टोकांच्या आत होते. उरलेले पाच टक्केही निरोगीच असतात. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर पूर्ण निरोगी मुलाच्याही निदान एका तपासणीचा आकडा कक्षेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के येते.

ही दोन टोके काढण्याची रूढ रीत पाहिली म्हणजे कामाचे मर्म कोठे आहे ते दिसते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार प्रत्येक गटात किमान १२० निरोगी व्यक्ती हव्यात. त्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडले की खालून तिसरा आकडा ही खालची मर्यादा आणि वरून तिसरा ही वरची. मधले सगळे आकडे गटाची रास भरतात, पण कक्षा ठरते ती टोकाच्या या दोन मुलांवरून. वरच्या टोकाला काविळीतून नुकतीच उठलेली दोन मुले चुकून गटात आली, तर मर्यादा वर सरकते आणि पुढे कित्येक वर्षे कित्येक मुलांचे आजार तिच्याखाली झाकले जातात. म्हणून या कामातील खरे कसब गणितापेक्षा दारातल्या चौकशीत आहे: गेल्या पंधरवड्यात ताप आला होता का, कोणते औषध चालू आहे, मुलीची पाळी सुरू झाली आहे का, सकाळी काही खाल्ले का. ही प्रश्नावली कंटाळून भरली गेली, तर पुढचे कोणतेही संख्याशास्त्र ती दुरुस्त करू शकत नाही.

आणि १२० हा आकडा एकेका गटाचा आहे. अल्कलाइन फॉस्फेटेजसाठी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत सात वयोगट पाडले आणि शेवटच्या तिघांत मुलगे व मुली वेगळे ठेवले, तर गट दहा होतात आणि निरोगी मुले बाराशे लागतात. टोरंटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रनमधून चालणाऱ्या कॅलिपर या प्रकल्पाने हे कष्ट घेतले. शाळा आणि वस्त्यांतून बोलावलेल्या २,१८८ मुलांच्या रक्तावरून चाळीस घटकांच्या कक्षा त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केल्या, आणि जगभरच्या प्रयोगशाळा आज त्यांचा आधार घेतात. या प्रकल्पाबद्दल मनापासून आदर वाटावा असेच ते काम आहे. मात्र टोरंटोच्या मुलांचा आकडा नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला जसाच्या तसा लावावा का, हा प्रश्न त्या आदराने सुटत नाही.

भारतात हा प्रश्न हिमोग्लोबिनच्या निमित्ताने ऐरणीवर आला. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशभरातील मुलांचे रक्त शिरेतून घेतले गेले, आणि त्या साठ्यातून हर्षपाल सिंग सचदेव व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोह, फोलेट, ब-१२ आणि अ जीवनसत्त्व यांची कमतरता असलेली, शरीरात दाह असलेली, हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असलेली मुले वगळून ८,०८७ मुले निवडली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार निरोगी भारतीय मुलांची खालची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा बहुतेक वयांत एक ते दोन ग्रॅमने खाली येते. नव्या मर्यादेने रक्तक्षय असलेल्यांचे प्रमाण ३० टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर उतरते. तीच मुले, तेच रक्त. बदलला तो रकाना. यावर वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते, कारण एका बाजूला निरोगी मुलांना वर्षानुवर्षे आजारी ठरवण्याचा दोष आहे आणि दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी जगण्याला निरोगी म्हणण्याचा. तरीही या अभ्यासातील वगळण्याची शिस्त पाहता त्याचे वजन मोठे मानावे लागते. सिकलसेलचा वारसा सातपुड्यात आणि पूर्व विदर्भात किती खोल रुजला आहे हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आनुवंशिक दोषाची ही एक चाळणी किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र अशी चाळणी लावूनही भागत नाही. ज्या शहरात बहुसंख्य शाळकरी मुलांना त्याची कमतरता आहे, तेथे मधले ९५ टक्के घेणे म्हणजे कमतरतेलाच कक्षा म्हणणे होय. तेथे हाडांना प्रत्यक्ष इजा कोणत्या पातळीखाली होते ते पाहून निर्णयमर्यादा ठरवावी लागते.

या सगळ्या आकड्यांच्या मुळाशी एक सुई आहे. तीन किलोच्या नवजात बाळाच्या शरीरात एकूण रक्तच सुमारे अडीचशे मिलिलिटर; त्यातून संशोधनासाठी दोन मिलिलिटर मागतानाही हात आखडावा लागतो. टाचेला टोचून थेंब घ्यावा आणि टाच जोराने दाबावी, तर तांबड्या पेशी फुटतात, पेशींतले पोटॅशियम रक्तजलात उतरते आणि नमुना वाया जातो. कुशल तंत्रज्ञ आधी टाच ऊबदार कपड्याने शेकतो, पहिला थेंब पुसून टाकतो आणि पुढचे थेंब आपोआप येण्याची वाट पाहतो. मोठ्या मुलांचे वेगळे असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पालकांच्या संमतीबरोबर सात वर्षांपुढील मुलाचा स्वतःचा होकारही लागतो, बारा वर्षांपुढे तो लेखी. या मुलाला कोणताही आजार नाही, या टोचण्यातून त्याला काहीही मिळणार नाही, आणि तरीही कोण्या अनोळखी मुलाच्या रिपोर्टसाठी ते बाही वर सारते. त्याने मधेच नाही म्हटले, तर सुई खाली ठेवलीच पाहिजे, मग गटात ११९ च का राहीनात.

सुई टाळण्याचा एक मार्ग आहे. रुग्णालयात आधीच साठलेल्या हजारो निकालांतून निरोगी आणि आजारी अशा दोन राशी गणिताने वेगळ्या काढता येतात. त्यासाठी बराच काळ वापरली गेलेली एक पद्धत सी. जी. भट्टाचार्य यांनी १९६७ मध्ये मांडली होती; मासळीच्या लांबीवरून तिच्या वयाचे थर ओळखायलाही तीच वापरतात. नवजात बाळांसाठी हा मार्ग विशेष उपयोगाचा आहे. पण रुग्णालयातल्या राशीत आजारी मुलेच फार असली, तर दोन्ही राशी एकमेकींत मिसळतात.

इतके करून तयार झालेली कक्षाही यंत्र बदलले की पुन्हा तपासावी लागते. क्रिएटिनिनची याफे यांची १८८६ सालची पिक्रिक आम्लाची रीत अजूनही अनेक ठिकाणी चालते, आणि तिच्यात प्रथिनांसारखे इतर पदार्थही तोच रंग देतात; प्रौढाच्या १.० मध्ये ०.२ ची भर खपते, मुलाच्या ०.३ मध्ये ती सगळा अर्थ बदलते. लहान प्रयोगशाळेला १२० मुले जमवणे शक्य नसते. तिने आपल्या भागातील वीस निरोगी मुलांचे नमुने तपासावेत आणि दोनपेक्षा अधिक आकडे कक्षेबाहेर गेले नाहीत, तर बाहेरची कक्षा स्वीकारावी, एवढीच अपेक्षा आहे. वीस मुले कोणत्याही तालुक्यात मिळतात.

मग नोंदणीचा काउंटर येतो. तेथे ‘वय किती?’ असे विचारून नुसता वर्षांचा आकडा संगणकात भरला की तीन दिवसांचे बाळ आणि अकरा महिन्यांचे बाळ दोघेही ‘शून्य वर्षे’ या एकाच ओळीत जाऊन बसतात. त्यांपैकी पहिल्याच्या रक्तातले क्रिएटिनिन अजून बरेचसे त्याच्या आईचे असते, दुसऱ्याचे सर्वस्वी त्याचे स्वतःचे. काउंटरवर जन्मतारीख विचारली, तरच संगणक दोघांसमोर दोन वेगळे रकाने छापू शकतो.