ओकसकट घर

आमचं लंडनमधल्या हॅरोतलं घर विकायला काढलंय. बघायला आलेल्या एका मराठी जोडप्यानं मागच्या बागेत पाऊल टाकताच विचारलं, "वहिनी, घर छानच आहे, पण हा ओक पाडता येईल ना?" नाही येणार, म्हटलं, त्याच्यावर टीपीओ, म्हणजे काउन्सिलचा वृक्षसंरक्षण आदेश आहे. "मग एजंटनं आधी सांगायला नको?" हा त्यांचा प्रश्न मला लागून राहिला, कारण तो रास्त होता. जाहिरातीत ओकचा फोटो मोठा होता, संरक्षणाचा उल्लेख कुठेच नव्हता. त्याच संध्याकाळी मी ती ओळ घालून घेतली.

गावाकडे जमीन घेताना जाणता माणूस सातबारा हातात आला की आधी 'इतर हक्क' वाचतो. मालकाचं नाव काय, कुणीही सांगेल. कुळाची नोंद, सोसायटीचा बोजा, विहिरीत भावकीचा हिस्सा, हे सगळं त्या रकान्यात सापडतं. मालक बदलला म्हणून विहिरीतला हिस्सा पुसला जात नाही. ओकचंही तसंच. काउन्सिलचा आदेश जमिनीवरच्या बोज्यांच्या स्थानिक नोंदवहीत चढतो आणि घर ज्याच्या नावावर होईल त्याला लागू राहतो. भावकीशी निदान बोलणी करता येतात, पैसे देऊन हिस्सा सोडवून घेता येतो. ओकच्या वतीनं काउन्सिलच बोलतं, आणि मला ते योग्य वाटतं. शंभर वर्षांचं झाड आम्ही लावलेलं नाही; पाडण्याचा हक्क तेवढा आमचा कसा?

अडचण वेळेची आहे. इथे ही नोंद सॉलिसिटरच्या सर्चमध्ये निघते, तोवर ऑफर मान्य झालेली असते, सर्व्हेचे पैसे गेलेले असतात. म्हणून घर आवडलं की ऑफरच्या आधीच काउन्सिलच्या वृक्ष अधिकाऱ्याला विचारा आणि आदेशाची प्रत नकाशासकट मागा. आदेश ठरावीक झाडांवर आहे की सबंध क्षेत्रावर, ते बघा; क्षेत्रावर असेल तर आदेशाच्या वेळी उभी असलेली झाडंच त्यात येतात, नंतर लावलेली नाहीत. घर कॉन्झर्व्हेशन एरियात असेल तर आदेश नसलेल्या झाडालाही जपावं लागतं: जमिनीपासून दीड मीटरवर खोड 75 मिलिमीटरपेक्षा जाड असलं की छाटणीआधी काउन्सिलला 6 आठवड्यांची नोटीस. टीपीओच्या झाडासाठी परवानगीचा अर्ज करावा लागतो. त्याला फी नाही, निर्णयाची मुदत 8 आठवडे. शेजाऱ्याच्या संरक्षित झाडाची फांदी आपल्या बाजूला आली, तरी परवानगी हवीच.

विम्याची चौकशीही तेव्हाच करा. लंडनची चिकणमाती कोरड्या उन्हाळ्यात आकसते, ओक पाणी ओढतो आणि उथळ पाया खचू शकतो. 1976 च्या दुष्काळात इथल्या कितीतरी घरांना तडे गेले.

आमच्या ओळखीतले काही जण "विकायच्या आधी गुपचूप पाडून टाकायचं" असं सांगतात. हा सल्ला मला चीड आणतो. असं झाड पाडल्याच्या दंडाला आता कमाल मर्यादा नाही, आणि तो ठरवताना झाड गेल्यामुळे मालकाचा किती फायदा झाला असता, हेही न्यायालय बघतं. वर तिथे नवं झाड लावावं लागतं ते वेगळंच.

एक गोष्ट मात्र मलाही खटकते. आदेश काउन्सिलचा, पण छाटणीचा सगळा खर्च मालकाचा. निदान थोडा भार काउन्सिलनं उचलायला हवा. तोवर घर घेणाऱ्यानं मागच्या छाटणीचं परवानगीपत्र आणि पावती विकणाऱ्याकडून मागून घ्यावी. पुढचा खर्च साधारण किती येईल, ते तिच्यावरून कळतं.