बाणवृद्धी, रसक्षय : पंचांगावरून पेटलेली यादवी

१/ विज्ञानकथांत एक प्रसंग वारंवार येतो. दूरच्या ग्रहावर पूर्वजांनी घडवलेले एक पवित्र यंत्र असते. वंशज त्याची पूजा करतात. पण ते दुरुस्त करायचे की जसेच्या तसे जपायचे, यावरून त्यांच्यात यादवी माजते. महाराष्ट्राने अशी यादवी खरोखर अनुभवली आहे. शस्त्रे उपसली गेली नाहीत, पण घरे दुभंगली. ते यंत्र म्हणजे पंचांग. मात्र या कथेची सुरुवात कोंडाण्याच्या लेण्यांपासून करणे सोयीचे.

२/ कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याच्या रानात कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. तेथील विहारात छताकडे पाहिले की तुळया आणि वासे दिसतात, सारे दगडात कोरलेले. वर अखंड डोंगर असल्याने या तुळयांवर कसलाही भार नाही. लाकडी इमारतींची जुनी रीत खडकातही तशीच उतरली. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लेख आहे. आशय एवढाच : कण्हाचा शिष्य बलक याने हे केले.

३/ वारसा जपण्याच्या दोन तऱ्हा येथे शेजारी शेजारी आहेत. एक, गरज संपली तरी आकार न सोडण्याची. दुसरी, गुरूचे नाव आधी घेऊन काम मात्र स्वतःच्या हातांनी करण्याची. पंचांगाच्या वादात या दोन तऱ्हा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

४/ याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मुरूडजवळच्या नांदगावी, पंधराव्या-सोळाव्या शतकात केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ होऊन गेले. केशव स्वतः आकाशाचे वेध घेत. ग्रंथांतून निघणारे ग्रह आणि प्रत्यक्ष दिसणारे ग्रह जुळत नाहीत, हे त्यांनी नोंदवले. पुढील गणकांनीही आपल्या काळी आकाश पाहून गणित सुधारावे, असे लिहून ठेवले. गणेशांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ.स. १५२० च्या सुमारास, ‘ग्रहलाघव’ रचले. त्यात ज्या-चापांचे किचकट गणित टाळलेले होते. ग्रंथ इतका सोपा ठरला की पुढे तीनशेहून अधिक वर्षे महाराष्ट्रातील पंचांगे त्यावरच चालली.

५/ सोपेपणाची किंमत हळूहळू मोजावी लागली. सूक्ष्म चुका शतकानुशतके साचत गेल्या. ग्रंथ पूज्य झाला आणि वेध घेण्याची सवय मागे पडली. शके १७८७ पासून (इ.स. १८६५) केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या, सूक्ष्म कोष्टकांवर आधारलेले पंचांग सुरू केले. पटवर्धनांच्या आश्रयामुळे ते ‘पटवर्धनी’ म्हणून ओळखले गेले. तेथून ठिणगी पडली.

६/ वाद तिथीच्या लांबीवर होता. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथीही लांबते-आखडते. जुना दंडक होता ‘बाणवृद्धी रसक्षय’ : साठ घटिकांच्या तिथीत बाण म्हणजे ५ घटिकांची वाढ किंवा रस म्हणजे ६ घटिकांची घट, त्याबाहेर नाही. प्रत्यक्ष आकाशात मात्र तिथी सुमारे ६७ घटिकांपर्यंत लांबते आणि ५० पर्यंत आखडते. एक घटिका २४ मिनिटांची. एवढ्या फरकाने एकादशीचा उपवास आणि वडिलांचे श्राद्ध दुसऱ्या दिवशी जाऊ शकते.

७/ जुन्या पक्षाला हटवादी म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे असे की ग्रहणासाठी दुर्बीण मानावी, पण धर्मकृत्याचा काळ धर्मशास्त्राने ठरावा. साऱ्या गावाने एकाच दिवशी व्रत करणे हेही व्रताचे एक अंगच. तरीही एक विसंगती उरते. ज्या ग्रंथाचे अक्षर ते राखत होते, त्याच्या कर्त्याच्या पित्यानेच अक्षर सुधारत राहा असे सांगितले होते.

८/ खरी भाऊबंदकी पुढे सुधारकांतच माजली. आकाश प्रमाण मानल्यावर प्रश्न आला : राशिचक्राचा आरंभ कोठे? छत्रे आणि लोकमान्य टिळक रेवतीतील एका ताऱ्याच्या बाजूचे. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू मानणारे. दोहोंत अंतर सुमारे चार अंशांचे, आणि सूर्याला ते ओलांडायला सुमारे चार दिवस लागतात. म्हणून टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीला येते, इतरांत १४ किंवा १५ जानेवारीला. संक्रांत सरकली की काही वर्षी अधिकमासही बदलतो. मग एका घरच्या गणपतीचे विसर्जन होऊन गेलेले असते आणि नात्यातल्याच दुसऱ्या घरी मखर बांधायला अजून महिना असतो.

९/ स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. २२ मार्च १९५७ रोजी राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. धार्मिक पंचांगांसाठी समितीने २१ मार्च १९५६ रोजीचे अयनांश २३ अंश १५ कला धरले, म्हणजे कौल चित्रापक्षाकडे गेला. तरी टिळक पंचांग बंद पडले नाही.

१०/ कारण दोन्ही भांडणांची जात वेगळी आहे. चंद्र आज कोठे आहे, याचे उत्तर आकाश देते. तेथे ग्रंथाने नमते घ्यावे. वर्तुळाचा शून्य बिंदू कोठे मानावा, हे आकाश सांगत नाही. ते माणसांनीच एकमेकांशी बोलून ठरवायचे असते. पहिल्या वादात दुर्बीण पुरली. दुसऱ्यात सामंजस्यच हवे होते आणि तेच कमी पडले.

११/ कोंडाण्याच्या दगडी तुळया बोटभर चुकल्या असत्या तरी छत खचले नसते. पंचांगाच्या तुळईवर मात्र रोजचे जगणे तोललेले असते : उपवास, लग्ने, पितरांची आठवण. ती बदलणाऱ्याने बलकासारखे गुरूचे नाव आधी घ्यावे, आणि जपणाऱ्याने केशवांचा सल्ला विसरू नये. तोवर १० जानेवारीला कोणी तिळगूळ पुढे केला, तर तारखेचा वाद न घालता तो घ्यावा.