कल्याणच्या पुढे सिंध

आपला प्रांत नकाशावर अखंड शाबूत आहे, पण तो ज्या देशात गेला त्या देशाशी आपल्या देशाचे वैर आहे, अशी विचित्र अवस्था फाळणीने सिंधी हिंदूंच्या वाट्याला आणली. मायभूमीवर प्रेम करावे तर ते परक्या देशावरचे प्रेम ठरण्याची भीती. देशावर करावे तर त्या देशात आपले गाव कुठेच नाही. या पेचातून एका समाजाने कशी वाट काढली हे पाहायचे असेल, तर कल्याणहून कर्जतच्या बाजूला जाणारी लोकल धरावी. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी ही चार स्थानके ओळीने येतात आणि त्यांतली पहिली तीन या गोष्टीची आहेत.

उल्हासनगर वसले ते लष्कराने टाकून दिलेल्या बरॅकींमध्ये. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर सैन्याची मोठी छावणी होती. युद्ध संपल्यावर ती ओस पडली. फाळणीत पंजाब पेटला तेव्हा सिंध त्या मानाने शांत होता. १७ डिसेंबर १९४७ रोजी सिंधमधल्या हैदराबादेत आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगली झाल्या आणि मग मात्र लोकांनी घरे सोडली. बोटींनी मुंबईच्या गोदीत उतरलेल्या कुटुंबांना आगगाडीत बसवून कल्याणच्या रिकाम्या बरॅकींकडे धाडण्यात आले. सुमारे एक लाख माणसे तिथे आली. गोणपाटाचे पडदे लावून एकेका बरॅकीत अनेक संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. नाव शेजारून वाहणाऱ्या नदीवरून आले.

छावणीचे पाच भाग होते, त्यांचे आकडे आजही पत्त्यात टिकून आहेत. रुळांच्या पश्चिमेला एक, दोन, तीन; पूर्वेला चार आणि पाच. रिक्षावाल्याला रस्त्याचे नाव सांगून फारसा उपयोग नाही, ‘कॅम्प पाच’ म्हटले की तो मीटरची बात न काढता भाडे सांगतो. जपानी बाजार, फर्निचर बाजार, जीन्स शिवणारे गाळे, पापड लाटणारी घरे आणि सकाळी दाल-पकवानाच्या गाड्या: तेरा चौरस किलोमीटरच्या या गावात २०११च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर माणसे राहत होती. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद मुंबईकरांनी इतका घासला आहे की त्यातली कुचेष्टा आता जाणवतही नाही. हात रिकामे असलेल्या माणसाने विकता येईल ते विकले, एवढाच त्याचा मूळ अर्थ. आज या गावात मराठी आणि उत्तर भारतीय वस्तीही मोठी आहे, आणि पैसा आल्यावर मुलुंड, ठाणे, दुबई गाठलेले सिंधीही पुष्कळ.

या लोकांना मुंबई इलाख्यात आणून वसवले, यात इतिहासाची एक फिरकी आहे. १८४३ साली चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला गेला. १ एप्रिल १९३६ पर्यंत कराचीचा कारभार मुंबईहूनच चालत होता. अरबी वळणाची ५२ अक्षरी सिंधी लिपी १८५३ साली ठरली, तीही याच इंग्रजी अमलात. म्हणजे १९४८ साली जे ‘निर्वासित’ म्हणून गोदीत उतरले, त्यांतले बहुतेक जण मुंबई इलाख्यातच जन्मले होते. सिंध वेगळा काढण्याची मागणी आधी मांडणाऱ्यांत हरचंदराय विशिनदास यांच्यासारखे सिंधी हिंदू पुढारीही होते. मुंबईचे सरकार लांबचे आहे, अशी त्यांची तक्रार होती. पुढे ही मागणी मुस्लिम राजकारणाकडे गेली आणि वेगळ्या सिंधमध्ये हिंदू अल्पसंख्य राहिले. ३ मार्च १९४३ रोजी सिंधच्या विधिमंडळाने पाकिस्तानचा ठराव केला.

पंजाबी आणि बंगाली निर्वासितांना निदान अर्धा प्रांत भारतात मिळाला, भाषेला राज्य मिळाले. सिंध मात्र तुटला नाही, सगळाच्या सगळा पलीकडे गेला. भाई प्रताप यांनी कच्छमध्ये गांधीधाम उभारून नवी कराची वसवण्याचे स्वप्न पाहिले, पण ते एक बंदराचे शहर झाले, प्रांत झाले नाही. त्यामुळे सिंधी भाषेला आठव्या परिशिष्टात जागा मिळायला १० एप्रिल १९६७ उजाडला. २००५ साली एका याचिकेने राष्ट्रगीतातले सिंधचे नाव काढून काश्मीरचे घालावे अशी मागणी केली, कारण सिंध भारतात नाही. सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. इतर कोणाला ती फुटकळ वाटली असेल. सिंधी समाजाला ती जिव्हारी लागली. देशाच्या गाण्यातला तो शब्द हाच त्यांच्या प्रांताचा भारतातला शेवटचा सातबारा होता.

अशा दूर गेलेल्या समाजांचे एक ठळक उदाहरण अरबांचे आहे. ऑटोमन काळात बेथलेहेम, बैत जाला अशा गावांतून चिलीत गेलेल्या ख्रिस्ती अरबांनी १९२० साली ‘पॅलेस्तिनो’ हा फुटबॉल क्लब काढला. २०१४ मध्ये त्या संघाने खेळाडूंच्या पाठीवर ‘१’ या आकड्याच्या जागी संपूर्ण पॅलेस्टाइनचा नकाशा छापला, तेव्हा चिलीच्या फुटबॉल संघटनेने तो काढायला लावला. न्यू यॉर्कच्या ‘अल्-हुदा’ या अरबी वृत्तपत्राचे संपादक नऊम मुकर्झल १९१३ सालच्या पॅरिसच्या अरब परिषदेला हजर होते. म्हणजे ज्या देशाचा अजून पत्ता नव्हता त्याचे राजकारण अटलांटिकपलीकडून चालत होते. अंतरामुळे राष्ट्रप्रेम निवते असे नाही. रोजच्या तडजोडी कराव्या लागत नसल्याने ते पुष्कळदा अधिक तापते. पण चिलीतल्या माणसाला एक मोकळीक होती: मायभूमीचा झेंडा घेतला म्हणून चिलीत त्याच्या निष्ठेवर फारसे कोणी शंका घेत नव्हते. कॅम्प पाचमधल्या माणसाला ती नव्हती. कराचीचे नाव घेताना त्याला आजूबाजूला पाहावे लागे.

यावर समाजाने शोधलेला तोडगा साधा होता: सिंध आपला, पाकिस्तान परका. आई-आजीच्या बोलण्यात सिंध म्हणजे सिंधू नदी, शिकारपूरचा बाजार, हैदराबादेतल्या छपरांवरचे वारा खेचणारे मंघ. पाकिस्तान म्हणजे नंतर येऊन बसलेले सरकार. जुन्या पिढीच्या आठवणींतही हीच विभागणी दिसते. सिंधी मुसलमान शेजाऱ्याविषयी बरेच जण आपुलकीने बोलतात. दोष जातो तो उत्तर भारतातून आलेल्या मुहाजिरांवर, ज्यांना घरे हवी होती. रीटा कोठारी यांनी गुजरातमधल्या सिंधींचा अभ्यास करताना एक अस्वस्थ करणारी गोष्ट नोंदवली आहे. फाळणी प्रत्यक्ष पाहिलेल्यांपेक्षा नंतर भारतात जन्मलेल्यांच्या मनात मुसलमानांविषयीचा दुरावा अधिक आहे. मांस खाणारे, अरबी लिपी वापरणारे, पिरांना नवस बोलणारे हे हिंदू शेजाऱ्यांना अर्धे मुसलमान वाटत, आणि तो डाग पुसण्यासाठी पुढच्या पिढीने अधिक कडवे व्हायचे ठरवले. मायभूमीच्या भांडणाविषयीचे मत तिथून बरोबर आलेले नव्हते. ते बऱ्याच अंशी इथल्या शेजारात तयार झाले.

देवाचेही तसेच झाले. आज उल्हासनगरात चौकाचौकांत दिसणारा, मासोळीवर बसलेला झूलेलाल सगळ्या सिंधींचा एकच देव म्हणून फाळणीनंतर पुढे आला आणि त्यात मुंबईतले प्राध्यापक, गायक राम पंजवानी यांचा वाटा मोठा. चेटीचंड हा समाजाचा जाहीर सण झाला. कॅम्प पाचमधल्या चालिहा साहेब मंदिरात चाळीस दिवसांचे व्रत चालते. तिथली जोत सिंधमधल्या पीरगोठहून आणलेली आहे, असे भाविक सांगतात. सिंधमध्ये मात्र याच झूलेलालचे, म्हणजे उडेरोलालचे ठाणे आजही हिंदू आणि मुसलमान दोघांचे आहे, मुसलमान त्याला शेख ताहिर म्हणतात. समुद्र ओलांडताना देवाचा हा अर्धा भाग मागे राहिला.

सर्वांत चमत्कारिक वाट इतिहासाची. ७१२ साली मुहम्मद बिन कासिमच्या अरब फौजेने सिंधचा राजा दाहिर याचा पराभव केला. पाकिस्तानी शालेय इतिहासात तिथून देशाची गोष्ट सुरू होते आणि सिंधला इस्लामचे प्रवेशद्वार म्हटले जाते. भारतातले सिंधी दाहिरला हुतात्मा मानतात, अजमेरमध्ये त्याचे स्मारक आहे. पण दाहिरची बाजू घेणारा तिसराही आहे. पाकिस्तानच्या ठरावाचे सिंधमधले शिल्पकार जी. एम. सय्यद पुढे त्या देशाविरुद्ध गेले, १९७२ नंतर त्यांनी स्वतंत्र सिंधुदेशाची मागणी केली, आणि सय्यद घराण्यातला हा माणूस दाहिरला सिंधचा वीर म्हणू लागला. उल्हासनगर आणि सय्यद यांचा नायक एक, पण एकाला तो हिंदू म्हणून हवा आणि दुसऱ्याला सिंधी म्हणून.

प्रत्यक्ष जाणे-येणे मात्र दिल्ली आणि इस्लामाबादच्या मर्जीवर राहिले. खोखरापार-मुनाबाव ही आगगाडी १९६५च्या युद्धात बंद पडली, फेब्रुवारी २००६ मध्ये ‘थर एक्सप्रेस’ म्हणून सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा थांबली. सिंधमधून हिंदू कुटुंबांचे येणे मात्र कधी पूर्ण थांबले नाही. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांपैकी काही उल्हासनगरातही राहतात. डिसेंबर २०१९च्या नागरिकत्व कायद्याने ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना वाट मोकळी केली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा चालू राहतील असा वेगळा खुलासा सरकारला करावा लागला. १९४८ साली आलेल्यांची नातवंडे पाकिस्तानला धडा शिकवा म्हणत असताना शेजारच्या गल्लीतला नवा सिंधी आपले कागद तपासत होता.

लोकल पुढच्या स्थानकावर येते आणि साडेनऊ शतके मागे जाते. अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी आहे. हीच नदी उल्हासनगरातून वाहते आणि जीन्स धुणाऱ्या कारखान्यांनी तिचे काय केले हे नाकाला आधी कळते. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० आणि उत्तर कोकणच्या शिलाहार राजा मम्वाणीचे नाव आहे. भूमिज शैलीतले हे काळे दगडी शिल्पकाम पाहायला लोक येतात. याच शिलाहारांच्या राज्यात अरबांचीही वसाहत होती, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. बगदादचा अल्-मसूदी इ.स. ९१५-१६च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तिथे झंझ नावाचा शिलाहार राज्य करत होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि त्यांचे इथे जन्मलेले वंशज मिळून दहा हजार मुसलमान त्याने तिथे नोंदवले आहेत. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाच्या संमतीने नेमलेला असे. उत्तरेला संजाणला तर राष्ट्रकूटांचा मांडलिक म्हणून मुहम्मद नावाचा अरब कारभार पाहत होता, शके ८४८च्या (इ.स. ९२६) चिंचणी ताम्रपटात त्याने देवीच्या मठाला दिलेले दान नोंदले आहे. या माणसांना मायभूमी कोणती असे कोणी विचारत नव्हते, कारण निष्ठा राजाला द्यायची आणि धर्म आपला पाळायचा, एवढाच हिशेब होता. राष्ट्र नावाची वस्तू मध्ये आली नव्हती. म्हणून तो काळ गोडीगुलाबीचा होता असे मात्र मानू नये. बंदराची जकात वाढवणाऱ्याला राजे सांभाळून घेतच.

अंबरनाथ सोडून बदलापूरकडे निघाल्यावर पश्चिमेच्या आकाशात मलंगगडाचा सुळका दिसत राहतो. गडावरचे हाजी अब्द-उल-रहमान ऊर्फ हाजी मलंग परंपरेनुसार बाराव्या शतकात येमेनहून आले. १७८२च्या सुमारास इंग्रजांनी गड सोडला तेव्हा पेशव्यांकडून दर्ग्याला चादर घेऊन कल्याणचे काशिनाथपंत केतकर गेले आणि पुढे व्यवस्थेत केतकर घराणे राहिले. १९८०च्या दशकापासून ही जागा मच्छिंद्रनाथांची समाधी असल्याच्या दाव्यावरून तापली. जानेवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मलंगगड मुक्तीचा शब्द दिला. आठशे वर्षांत ज्याचे मूळ गाव विसरले गेले होते, त्या अरबाला विसाव्या शतकात पुन्हा परका ठरवण्यात आले. खाली, रुळांच्या पलीकडे, याच काळात सिंधी समाज आपण परके नाही हे सिद्ध करण्यात गुंतला होता.